'प्रिन्स-आर्चबिशप'ला मराठीत काय म्हणावं? आणि डुकाटला?

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांवर, म्हणजे डुकाटांवर, मराठीत लिहितोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय. तिथं आर्चबिशप, म्हणजे चर्चचे बडे धर्मगुरूच, मुलूखही सांभाळायचे. एका ठिकाणी 'राजपुत्र आर्चबिशप' वाचलं, ते फार खटकलं, कारण ही गादी बापाकडून मुलाकडे जायचीच नाही, कॅथेड्रलमधले वरिष्ठ पाद्री आर्चबिशप निवडायचे. दुसरं म्हणजे डुकाटला मोहर म्हटलं तर चालेल का?

— राजपुत्र साफ चूक. जर्मनमध्ये राजाचा मुलगा तो प्रिन्झ आणि स्वतः मुलूख सांभाळणारा तो फ्युर्स्ट, इंग्रजीत दोघंही प्रिन्स, घोळ तिथं होतो. साल्झबुर्गचे होते फ्युर्स्ट. कोलोरेडोंचा (मोझार्ट ज्यांच्या नोकरीत होता ते आर्चबिशप) डुकाट बघा, नावापुढं नुसती आद्याक्षरं आहेत, त्यातला ए म्हणजे आर्चबिशप आणि पी म्हणजे प्रिन्सेप्स, लॅटिनमध्ये मूळ अर्थ 'पहिला, प्रमुख'. मुलगाबिलगा काही नाही त्यात. मी 'संस्थानिक आर्चबिशप' म्हणेन. वर बादशहा, खाली आपला मुलूख, आपली टांकसाळ. शिवाय आपल्याकडं देवाचंही संस्थान असतं, त्यामुळं दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात, मला हे फार आवडतं.

— संस्थानिकला माझा पाठिंबा. पण मोहर नको हो, मुघल मोहर जवळजवळ 11 ग्रॅमची, डुकाट साडेतीनचा. त्याचं आपलं नाव पुतळी! व्हेनिसचा डुकाट आपल्याकडं आला आणि त्याच्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळं पुतळी झाला, पुतळ्यांची माळ त्याचीच. माझ्या आजीच्या माळेतली एक पुतळी मी भिंगाखाली बघितलीय, संतासमोर गुडघे टेकलेला माणूस झिजूनही ओळखू येतो.

— पण पुतळी म्हटलं की व्हेनिसच डोळ्यापुढं येतं ना. साल्झबुर्गच्या कितीतरी डुकाटांवर संत रुपर्ट आहेत, हातात मिठाचं पिंप, कारण साल्झ म्हणजे मीठच. नाव डुकाटच ठेवा, वजन सांगताना पुतळी आणा.

— पटलं, सगळ्यांचे आभार. सुरुवात अशी केलीय: 'गास्टाइन आणि राउरिसच्या खाणींतून सोनं निघायचं, साल्झबुर्गचे संस्थानिक आर्चबिशप आपल्या टांकसाळीत त्याचे डुकाट पाडायचे, वजनाला आपल्या पुतळीएवढे.' 'पाडायचे' ठेवू की 'घडवायचे'?

— पाडायचे. नाणी पाडतात, दागिने घडवतात.