लाकडी कोस्टरचं मॉडेल, गाडी तिसऱ्या टेकाडावर अडते

जर्सीकर:
मंडळी, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधल्या सायक्लोन या रोलर कोस्टरचं १:४८ मॉडेल करतोय, पाच महिने बेसमेंटमध्येच मुक्काम, ताटही खालीच येतं. खरा सायक्लोन १९२७ चा, ८५ फूट उंच, म्हणजे माझा साधारण २१ इंच. फ्रेमचं ड्रॉइंग ग्राफपेपरवर, त्यावर बटरपेपर आणि मग बासवूडच्या (हलकं, मऊ लाकूड) पट्ट्या चिकटवल्या. दिसायला झकास पण गाडी पहिल्या उतारावरून सुसाट सुटते आणि तिसऱ्या टेकाडावर दमून मागे येते. डब्यांत नाणी चिकटवून वजन वाढवू का?

रंधाबहाद्दर:
नाणी नको रे. वजनाबरोबर चाकांचं घर्षणही वाढतं, फायदा झालाच तर हवेच्या विरोधापुरता, आणि ट्रॅक दबेल ते वेगळंच. गाडी जाताना फ्रेमला बोट लावून बघ, थरथरत असेल तर जोर तिथेच मुरतोय, तिरके टेकू वाढव. ट्रॅक एकाच जाड पट्टीचा केलायस का? खऱ्या कोस्टरला फळ्यांचे थर आणि वर लोखंडी पट्टी असते. तूपण तीन पातळ पट्ट्या भिजवून फर्म्यावर वाकव, क्लिपा लावून रात्रभर ठेव, पूर्ण सुकल्यावरच ग्लू लाव (मी घाई केली होती, सगळं उकललं), आणि तिन्ही थरांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नकोस.

गणिताचा_किडा:
उंची ४८ पट कमी केली तरी वेग वर्गमुळाने, म्हणजे साधारण सातपटच कमी होतो. खरी गाडी ताशी ६० मैल, तुमची फारतर पावणेनऊ. म्हणून मॉडेलची गाडी नेहमी जरा पिसाळल्यासारखी पळते. घर्षण मात्र स्केलप्रमाणे कमी होत नाही, तेव्हा पुढची टेकाडं थोडी बुटकी करा, कोण टेप घेऊन मोजायला येतंय?

खुसपट:
सायक्लोनचा ट्रॅक लाकडी, पण सांगाडा स्टीलचा आहे हो :) अख्खा लाकडीच हवा तर ओहायोचा द बीस्ट घ्या, १९७९ चा, ७३६१ फूट. १:४८ ला १५३ फूट ट्रॅक होईल, बेसमेंट शेजाऱ्याचंही लागेल.

जर्सीकर:
सापडलं! दुसऱ्या वळणावर ट्रॅक पाऊण मिलिमीटर आवळलाय, बाजूची चाकं घासतायत. उद्या तेवढा तुकडा कापून नवीन बसवतो, टेकूपण वाढवतो. खुसपटराव, स्टीलचं आमच्या घरी बोलू नका, अख्ख्या सांगाड्याला पांढरा रंग बायकोने दिलाय.