मदत हवी आहे: जुनी ब्रेझा की जुनी नेक्सॉन? (रत्नागिरी)

दोन्ही 2018 च्या, डिझेल, पहिल्या मालकाच्या. ब्रेझा मिऱ्याला समुद्राकाठी उघड्यावरच असायची. लिफ्टवर घेतली तर सायलेन्सर आणि मागच्या ॲक्सलवर गंज. खालचा पत्रा मात्र ठोकून पाहिला, शाबूत वाटला. नेक्सॉन साताऱ्याची, खालून स्वच्छ, पण क्लच संपत आलाय आणि मालक भाव सोडत नाही. सर्व्हिसचे कागद, विम्याचे क्लेम पाहून झाले, चालवूनही पाहिल्या.

आंबा घाटातून कोल्हापूरला सतत जाणं-येणं, म्हणून नेक्सॉनचं 1.5 लिटर इंजिन (ब्रेझाचं 1.3) मनात भरलंय. पेट्रोल सुचवू नका, रनिंग भरपूर आहे. शेड माझ्याकडेही नाही, खारा वारा लागणारच.

ब्रेझाचा गंज घासून अंडरबॉडी कोटिंग केलं तर थांबेल, की आतून खातच राहील? आणि नेक्सॉनच्या क्लचला साधारण किती खर्च धरू?