खलाशी पोरांनी दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरूच नये

हर्णैकर: मामाचा मुलगा, वय 23. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून ट्रॉलरवर खलाशी. आता दहावी करायची म्हणतोय. गावात जो तो सांगतो, 17 नंबर भर, म्हणजे राज्य बोर्डाचा खाजगी विद्यार्थ्यांचा फॉर्म, आणि बाहेरून बस. मला पटत नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, ऐन हंगामात, त्यात शिमगा. बोट बाहेर गेली की पोरगा दिवसचे दिवस समुद्रात. सगळे विषय एका दमात कसे द्यायचे? त्यापेक्षा एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, बरं. पाच विषय, मराठी माध्यम, पाच वर्षांत नऊ संधी, 33 टक्क्यांना पास. जमेल तसा एकेक विषय काढायचा.

निवृत्त_बाई: हर्णैकर, तुम्ही परीक्षेची तारीख धरून बसलात, अभ्यासाचं काय? नऊ संधी म्हटलं की पहिल्या आठ वाया जातात, हे मी पुष्कळ पाहिलंय. 17 नंबरला संपर्क केंद्र म्हणून आसपासची शाळा मिळते, शिक्षक ओळखीचे असतात, पुस्तकं शेजारच्या पोराकडे असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत गणिताचा पाया घालून घ्या. माझ्याकडे असाच एक यायचा. डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून नाखव्याचा वाटा किती, खलाशांचा किती, हे तोंडी सांगायचा. वहीत 'क्ष' दिसला की गप्प. मग त्याला वाटणीच मांडायला लावली, एका खलाशाचा वाटा क्ष धरून. दोन चलांतल्या समीकरणांपर्यंत आला तो. भूमितीने मात्र छळलं.

हर्णैकर: बाई, तुमच्यासारखं शिकवणारं प्रत्येक बंदरात कुठे मिळणार? आणि जून-जुलैत जाळी विणणं, बोटीची डागडुजी असतेच की.

देवगडचो_झिलगो: एनआयओएसची परीक्षा एप्रिल-मे नायतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. आमच्याकडे एप्रिल-मेत आंबो. पेट्यो भरूच्यो सोडून पेपराक कोण जातलो? कोकणात मोकळो म्हयनो शोधूक गेल्यास तर दहावी ऱ्हवतलीच!

बंदरावरचा: महिन्यांवरून भांडताय, विषयांचं कोणीच बोलत नाही. एनआयओएसमध्ये विषय आपण निवडायचे, तिथेच मेख आहे. कोणीतरी सल्ला देतो, गणित-विज्ञान सोड, सोपे घे. पोरगा पास होतो, पेढे वाटतो, आणि उद्या मर्चंट नेव्हीत जीपी रेटिंगला, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सला, जायचं म्हटलं की दार बंद. तिथे दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी लागतं, इंग्रजीत 40 टक्के. किनाऱ्यावरच्या अर्ध्या पोरांचा डोळा जहाजाच्या नोकरीवरच असतो. तसं असेल तर 33 टक्क्यांचा आनंद काय कामाचा? बाकी प्रमाणपत्र दोन्हीकडचं चालतं, कमी-जास्त कोणी लेखू नये.

निवृत्त_बाई: अगदी. म्हणून म्हणते, बोर्डच बरं. तिथे हे तिन्ही विषय असतातच.

हर्णैकर: एनआयओएसमध्येही घेता येतात, बाई. त्याला जहाजावर जायचंय का, ते विचारतो. पण मार्चात नाखवा सुट्टी देत नाही, माझा मुद्दा तिथेच आहे. आणि शाळा सोडल्याचा दाखला सापडत नाहीये.

निवृत्त_बाई: आधी तो काढा! जुन्या शाळेत अर्ज केला की दुय्यम प्रत मिळते. 17 नंबरला त्याच्यासोबत प्रतिज्ञापत्रही लागतं. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतात, गणपतीपर्यंत थांबू नका. नाखव्याशी मी बोलू का?