टीएलआर-४ची तपासणी करून घ्यावी का?

आई किडनी देणार, तर तिची आणि किडनी घेणाऱ्या रुग्णाची टीएलआर-४ जनुकाची तपासणी सांगलीतून पाठवावी का, असा प्रश्न एकाने विचारलाय. टीएलआर-४ म्हणजे पेशीवरचा, धोका ओळखणारा रिसेप्टर. माझ्या मते त्यावर पैसे घालू नका.

किडनी काढल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरतात आणि एचएमजीबी-१ सारखी प्रथिनं सांडतात. किडनीच्या नलिकांवरचा टीएलआर-४ त्यांना धोका समजून सूज पेटवतो. म्हणजे इथे जनुक दात्याचं मोजायचं, रुग्णाचं नव्हे. बऱ्याच चर्चेत हेच उलटं होतं. टीएलआर-४च्या साखळीत २९९व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल आलं की हा रिसेप्टर मंदावतो. २००९च्या अभ्यासात अशा किडन्यांत सूज कमी आणि काम लगेच सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. रुग्णात तोच बदल असेल तर रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) कमी, पण जंतुसंसर्ग जास्त, असंही आढळलंय. पण अशा निष्कर्षांवर लगेच विसंबू नये: सी-३ या रोगप्रतिकारातल्या प्रथिनाच्या जनुकाचं २००६मध्ये असंच कौतुक झालं, नंतरच्या मोठ्या अभ्यासात ते टिकलं नाही.

शिवाय आईची किडनी बर्फात फार वेळ राहतच नाही, म्हणून ही इजाही कमी. त्यापेक्षा एचएलए (ऊतींची जुळणी), क्रॉसमॅच (रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते पाहणं), डीएसए (दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी) या तपासण्या चोख करा. पुढे टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी (दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर): रात्री ८ची गोळी, तर सकाळी ८ला रक्त, गोळी त्यानंतर. गोळी घेऊन मिरजेच्या लॅबला गेलात की आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो.