‘फॅलो’ म्हणजे पडीकच का?

काळं_रान:

नमस्कार. मी मंगळवेढ्याजवळच्या खेड्यातली. शेतीच्या एका सर्वेक्षणाची इंग्रजी प्रश्नावली मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. त्यात एक प्रश्न आहे: ‘हाऊ मच लँड डिड यू लीव्ह फॅलो धिस खरीफ?’ शब्दकोशात फॅलोला ‘पडीक, नापेर’ असं सापडलं, म्हणून मी लिहिलं, ‘या खरिपात तुम्ही किती जमीन पडीक ठेवली?’

रात्री जेवताना अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “पडीक? आपलं सात एकर पडीक हाय व्हय? कुळवाच्या दोन पाळ्या झाल्यात, तिसरी उद्या घालायचीय. पडीक म्हंजी बाभळी माजलेला माळ. ह्ये रान ज्वारीसाठी राखलंय.”

त्यांना ते खरंच लागलं. आमच्या खोल काळ्या रानात खरिपाला काही पेरत नाहीत. पावसाळाभर रान मोकळं, आणि सप्टेंबरात मालदांडी ज्वारी. अशा रानाला फॅलो म्हणतात का? की इंग्रजीतही तो टाकून दिलेल्या जमिनीचाच शब्द आहे? वाक्यात कसा वापरायचा तेही सांगा. माझी मैत्रीण तर ‘फॉलो’ म्हणते, तेव्हा उच्चारही हवाय.

शब्दवेडा_सातारा:

उच्चार फॅलो, हॅलोसारखा. फॉलो म्हणजे मागून जाणं, तो शब्दच वेगळा. मी ‘नापेर’ लिहिलं असतं. फॅलो डिअर नावाचं हरीण असतं, ते मोकळ्या रानात चरतं म्हणून ते नाव पडलं असावं.

बार्शीकर_निवृत्त:

ताई, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली, आणि ह्या एका शब्दापायी किती तक्ते चुकीचे भरलेले पाहिले ते मलाच माहीत.

आधी हरणाचं. त्या फॅलोचा शेताशी संबंध नाही. तो रंगाचा जुना शब्द आहे, फिकट पिवळसर तपकिरी. दोन वेगळे शब्द पुढे एकसारखे लिहिले जाऊ लागले, इतकंच.

शेतातला फॅलो जुन्या इंग्रजीत नांगरटीशी जोडलेला होता. फॅलो म्हणजे नांगरलेलं, पण न पेरलेलं रान. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पुष्कळ गावांची शेती तीन वाट्यांत असे. एकात गहू किंवा राय, दुसऱ्यात बार्ली, ओट, वाटाणा असं काही, आणि तिसरा फॅलो. त्या तिसऱ्या वाट्यात तण मारायला उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा नांगर फिरे, आणि लेंडीखतासाठी मेंढरं सोडत. आपल्याकडे धनगराची मेंढरं रानात बसवतात ना, तसंच. पुढे सलगम आणि क्लोव्हर फेरपालटीत आले, तेव्हा तो मोकळा वाटा कमी होत गेला. म्हणजे मूळ शब्दात टाकून देणं नाही, राखणं आहे. अण्णांच्या तोंडी नेमका तोच शब्द आला.

आता वापर. शेतकरी कर्ता असेल तर ‘लीव्ह फॅलो’: ‘वुई लेफ्ट द फील्ड फॅलो.’ रान कर्ता असेल तर ‘लाय फॅलो’: ‘द फील्ड इज लाइंग फॅलो.’ ‘फॅलो लँड’ही चालतं. एखाद्याची बुद्धी वापराविना पडून असली तरी इंग्रजीत ‘लाय फॅलो’ म्हणतात. ‘पडून राहणं’ ही छटा तिथून मनात बसते आणि आपण ‘पडीक’ लिहून मोकळे होतो. ओसाड जमिनीला इंग्रजीत बॅरन किंवा वेस्टलँड म्हणतात.

मराठीत पड आणि पडीक हे दोन शब्द जपून वेगळे ठेवा. सरकारी आकडेवारीत यंदा न पेरलेली ती चालू पड. एक ते पाच वर्षं न पेरलेली ती इतर पड. पाच वर्षांहून जास्त काळ तशीच राहिलेली कसण्याजोगी जमीन मशागतयोग्य पडीक. हा हिशेब १ जुलै ते ३० जून अशा पूर्ण वर्षाचा असतो. तुमच्या सात एकरांत रब्बीला ज्वारी येते, म्हणून ते रान वर्षाच्या हिशेबात पेरलेलंच धरतात. ते खरिपापुरतं फॅलो आहे, पण सरकारी अर्थानं चालू पडसुद्धा नाही. प्रश्नावलीत ‘पडीक’ राहिलं तर शेतकरी शून्य सांगतील आणि तुमचा सगळा तक्ता फसेल.

शिवाय काम तर चालूच असतं. कुळवानं तण मरतं, पाऊस जिरतो, आणि त्याच ओलीवर पुढे ज्वारी उभी राहते. हराळी वाढू दिली तर ती ओल तीच पिऊन टाकते.

रेजायना_मराठी:

मी कॅनडात सस्कॅचवान प्रांतात असतो. इथल्या कोरड्या भागात हाच प्रकार ‘समरफॅलो’ नावानं, एका शब्दात लिहितात. पूर्वी गव्हाच्या रानाला एक वर्ष पेरणीविना ठेवून, तण काढत राहून, पुढच्या पिकासाठी ओल साठवत. वाऱ्यानं माती उडते म्हणून आता तो बराच कमी झालाय. नांगराऐवजी तणनाशक मारून ठेवलं तर ‘केमफॅलो’ म्हणतात. इथले शेतकरी ‘टू फॅलो’ असं क्रियापदही सहज वापरतात. शेजारचे आजोबा काळ्या समरफॅलोबद्दल बोलायला लागले की मला सोलापूरकडची रानं आठवतात. आमचंही रान तिकडेच होतं, २००९ साली विकलं.

शब्दवेडा_सातारा:

हरणाचा अंदाज चुकला, दुरुस्तीबद्दल आभार. आणि ‘नापेर’ही मागे घेतो. त्यात मशागत केली की नाही ते कळत नाही.

काळं_रान:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर अण्णांना पूर्ण वाचून दाखवलं. मेंढरांचं ऐकून म्हणाले, “तिकडंबी बसवायची व्हय?”, आणि तेवढा भाग परत वाचायला लावला.

आता प्रश्न दोन केलेत. ‘रब्बीच्या पेरणीसाठी या खरिपात किती रान मोकळं राखलं?’ आणि ‘या वर्षी दोन्ही हंगामांत किती जमीन पड राहिली?’ मूळ इंग्रजीत एकच प्रश्न आहे, म्हणून ज्यांनी काम दिलंय त्यांना कारणासकट कळवलंय. पहिल्या प्रश्नात मी ‘जमीन’ लिहिलं होतं. ‘रान’ अण्णांनी करायला लावलं.

तिसरी पाळी काही आज झाली नाही. पहाटे पाऊस झाला, वाफसा आल्यावर घालतील.