सेरेस म्हणे डिमिटरची झेरॉक्स!

बांधावरचा

ग्रीष्मा यांची परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल, बदाम तर पोत्याने पडलेत तिच्यावर. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी सार असं: रोमनांनी रस्ते स्वतः बांधले पण देव ग्रीकांकडून उसने आणले, रोमनांची धान्यदेवी सेरेस म्हणजे टोगा नेसलेली ग्रीकांची डिमिटर, पाताळाच्या राजाने लेक पळवली, आई रडली, पिकं करपली, संपलं.

टोगा पुरुष नेसायचे हो. माझं डोकं तिथूनच फिरलं.

देवी ओळखायची कशावरून? कवींनी तिच्यावर काय लिहिलं त्यावरून, की तिच्या देवळात काय चालायचं त्यावरून? इ.स.पू. ४९६ मध्ये दारात लढाई आणि घरात धान्याचा तुटवडा असताना पोस्टुमियुस या डिक्टेटरने नवस बोलला आणि ४९३ मध्ये अ‍ॅव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर सेरेस आणि तिच्या जोडीचे देव लिबर, लिबेरा यांचं देऊळ उभं राहिलं. आदल्याच वर्षी प्लेब मंडळी, म्हणजे रोमची सामान्य जनता, शहर सोडून गेली होती आणि आपले रक्षणकर्ते अधिकारी, म्हणजे ट्रिब्यून, पदरात पाडून घेऊनच परतली होती. हे देऊळ त्यांचं झालं. ट्रिब्यूनच्या अंगावर हात टाकणाऱ्याची मालमत्ता विकायची ती इथे. ४४९ पासून सिनेटचे ठराव जपायचे तेही इथे, कारण त्याआधी रोमचे कारभारी कॉन्सल लोक ते दाबून ठेवायचे नाहीतर सोयीप्रमाणे बदलायचे. हे मी म्हणत नाही, रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो. देवीच्या पायाशी सरकारी दप्तर! ग्रीसमधल्या एल्युसिसच्या देवळात डिमिटरकडे काय होतं? गुप्त दीक्षा. तोंडातून ब्र काढायची चोरी.

आणि ही यादी बघा. भूदेवी टेलुस आणि सेरेसच्या पूजेत पुरोहित बारा मदतनीस देवांना हाक मारायचा: पड रान फोडणारा, दुबार नांगरणारा, सरी पाडणारा, पेरणारा, पेरलेलं नांगराने झाकणारा, ढेकळं फोडणारा, कोळपणारा, खुरपणारा, कापणारा, वाहून आणणारा, कोठारात भरणारा आणि कोठारातून काढून देणारा. ही कुठल्या ग्रीकाकडून उसनी आणली?

ग्रीष्मा

अय्या, माझ्यावर अख्खा धागा! आभार.

टोग्याचं मान्य, बायकांचा स्टोला म्हणते, झोप लागेल ना आता? पुढे. तुमचा नवस कुठल्या पोथ्यांचा कौल घेऊन बोलला गेला? सिबिल या भविष्यवेत्तीच्या. त्या कुठल्या भाषेत होत्या? देवळातली चित्रं आणि मूर्ती कुणी केल्या? दामोफिलुस आणि गोर्गासुस, दोघे ग्रीक. पुढे पूजेसाठी पुजारणी आणल्या नेपल्स आणि वेलिया या इटलीतल्या ग्रीक गावांहून, त्याही ग्रीक. त्यांना मुद्दाम नागरिकत्व दिलं, असं वकील सिसेरो भर कोर्टात सांगतो. पोथी ग्रीक, कारागीर ग्रीक, पुजारीण ग्रीक. रोमन काय, तर जागा आणि दप्तर.

बारा देवांची यादी गोड आहे. पण ढेकळं फोडणाऱ्या देवाची गोष्ट कुणी कुणाला सांगितली का कधी?

मी गेले आहे सिसिलीत. एन्नाला सेरेसचा म्हणून कातळ आहे, त्यावर उभं राहिलं की खाली गव्हाचं रान दिसतं आणि अंगावर काटा येतो. तिथून पेर्गुसाच्या तळ्यावर गेले, जिथे फुलं वेचताना सेरेसच्या लेकीला, प्रोसर्पिनाला, उचललं. तळ्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा रस्ता आहे! फुलंबिलं काही नाही. तरी मी अर्धा तास बसले, ते त्या गोष्टीसाठी. दप्तरासाठी कोण बसेल?

हां, रोमनांचं एक मात्र अस्सल स्वतःचं. सेरेसच्या एप्रिलातल्या जत्रेत, शेवटच्या दिवशी, १९ तारखेला, सर्कस मॅक्सिमस या रोमच्या शर्यतींच्या मैदानात कोल्ह्यांना पेटत्या मशाली बांधून सोडायचे. याचा अभिमान बाळगा खुशाल.

पुराणपुरुष

शेपटीला आग लावून सोडणे! अहो हे तर सरळ सरळ लंकादहन. रामायण आधीचं की रोम आधीचं? रोमशी आपला व्यापार होताच. मसाल्याबरोबर कथाही गेल्या. पण हे कुणी लिहिणार नाही, कारण आपल्याला आपलं काही नको.

बांधावरचा

आलं का! शेपूट तुम्ही लावलंत. रोमन कवी ओव्हिडच्या 'फास्ती' या काव्यात मशाली पाठीला बांधल्यात. शिवाय मारुतीने शत्रूची नगरी जाळली, इथे मुकं जनावर जळतंय. तुलनाच करायची तर बायबलातला सॅमसन घ्या, त्याने तीनशे कोल्हे धरून शेपट्या शेपट्यांना बांधल्या, मधे मशाली खोचल्या आणि पलिष्ट्यांच्या गव्हात सोडल्या. पण ते घेतलं तर आपली महानता सिद्ध होत नाही, अडचण आहे खरी.

पुराणपुरुष

उपहास हे दुबळ्याचं शस्त्र. पाठ आणि शेपूट एकाच जनावराला असतात.

नांगरट

कोल्ह्याचं चाललंय म्हणून बोलतो. ओव्हिडनंच कारण दिलंय ना, कार्सेओली गावच्या गरीब शेतकऱ्याचा बारा वर्षांचा पोरगा, कोंबड्या पळवणारी कोल्हीण घावली, त्यानं तिला पेंढ्यात गुंडाळून पेटवली, ती सुटली अन् उभ्या पिकातून पळाली. सगळं रान खाक. म्हणून म्हणं दरसाल कोल्ह्यांना शिक्षा.

ग्रीष्माताई, तुम्हाला कोल्ह्याचा कळवळा आला. यावं आमच्याकडं. मक्याला कणसं भरली अन् रानडुकरांचा कळप एका रात्रीत लोळून गेला. अर्ज केला. पंचनाम्याला माणूस यायला इतका वेळ लागला की मी रान नांगरून पुढची पेरणी धरली. तर साहेब म्हणतो, नुकसान दिसत नाही. दिसल कुठून? मला तो पोरगा कळतो. पेटवायचं नव्हतं, पण कळतो.

अन् त्या बारा देवांत मळणीचा देव कुठाय? कापणी झाली की थेट वाहतूक! यादी करणारा खळ्यावर कधी उभा राहिलेला दिसत नाही.

ग्रीष्मा

दादा, तुमचं नुकसान वाईटच. पण म्हणून जिवंत जनावर जाळायचं आणि त्याला सण म्हणायचं?

नांगरट

मी जाळा म्हणलं का? वाचा परत. शहरातल्या लोकांना जनावराची बाजू तेवढी दिसती. शेजाऱ्याचं पीक जळालं, त्याला त्या पोराच्या बापानं काय दिलं, ते ओव्हिड सांगत नाही. तुम्हीबी विचारत नाही.

पुराणपुरुष

लंकेतही सामान्य नागरिकांची घरं जळाली, हा मुद्दा काही पुरोगामी मुद्दाम उकरतात. असो.

बांधावरचा

कुणीही उकरलेला नाही तो इथे. तुम्हीच उकरलात, तुम्हीच बुजवा. धागा सेरेसवर आहे.

कायदेकानू

धाग्यावर येतो मग. "प्लेबांची देवी" हे ऐकायला गोड. बारा फलकांचा कायदा, रोमचा जुना लिखित कायदा, काय म्हणतो? रात्री चोरून दुसऱ्याच्या पिकात गुरं घातली किंवा पीक कापलं, आणि करणारा सज्ञान असेल, तर त्याला सेरेससाठी लटकवून मारायचं. रोमन लेखक प्लिनी पुढे नोंदवतो की ही शिक्षा खुनापेक्षाही कडक होती. कष्टकऱ्यांची माउली!

आणि तुम्ही सोयीने गाळलेलं नाव सांगतो. ४९३ मध्ये या देवळाचं लोकार्पण केलं स्पुरियुस कॅसियुसने. त्याच माणसाने पुढे जमीन वाटायचा प्रस्ताव आणला, तर राजा व्हायला निघाला म्हणून त्याला ठार केलं. एक कथा अशी की बापानेच मारलं आणि मुलाची पुंजी सेरेसला वाहिली. तिची मूर्ती केली, खाली कोरलं की कॅसियुस घराण्याकडून भेट. जमीन मागणाऱ्याच्या पैशातून धान्याच्या देवीची मूर्ती. घ्या.

नांगरट

रात्री पीक कापणारा उपाशीच असतो हे कुणी सांगितलं तुम्हाला? माझी तूर कापून नेली ती टेम्पोत घालून नेली. उपाशी माणूस टेम्पो घेऊन येतो का? फाशी नको, पण निदान तक्रार तरी लिहून घ्या म्हणावं.

कायदेकानू

एका तुरीवरून रोमन दंडविधान ठरत नाही.

नांगरट

एका फलकावरून देवीबी ठरत नाही.

सुमन_आजी

तुम्हा पुरुषांचं देऊळ, दप्तर, फाशी चालू दे. इ.स.पू. २१६ साली कॅनेच्या लढाईत इतकी माणसं पडली की सेरेसची वार्षिक पूजा करायला रोममध्ये सुतक नसलेली बाईच उरली नाही. पूजा थांबली. मग सिनेटने फर्मान काढलं, शोक तीस दिवसांत आटपा. रडायलाही मुदत! ही पूजा बायकांची होती, आईला लेक परत मिळाली त्याची. मला त्यात ग्रीक-रोमन काही दिसत नाही.

ओव्हिडमध्ये देवांचा राजा ज्युपिटर तोडगा काढतो, सहा महिने आईकडे, सहा नवऱ्याकडे. म्हणजे माहेर आणि सासर. माझी लेक मेलबर्नला आहे, तिचं माहेरपण तीन आठवड्यांचं. पण ओव्हिडने एक ओळ अशी लिहिलीय की खुद्द पाताळाच्या राजालाही जो चेहरा उदास वाटायचा, तो आईला बघून उजळला. नवऱ्यालाही कळत होतं, बरं का.

आणि शेक्सपियरच्या 'टेम्पेस्ट'च्या चौथ्या अंकात सेरेस लग्नाला आशीर्वाद द्यायला येते, तर आधी चौकशी करते की प्रेमदेवता व्हीनस आणि तिचा पोरगा तिथे आहेत का. लेकीचा घात त्यांनी केला, त्यांचं तोंड बघायचं नाही. ओव्हिडनंतर सोळाशे वर्षांनीही बाई विसरलेली नाही. मला आवडली.

ग्रीष्मा

आजी, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. गोष्टच टिकली.

फक्त ओव्हिडने एक घाण केली. होमरच्या नावावरच्या जुन्या ग्रीक स्तोत्रातली डिमिटर धान्य अडवते आणि देवांचे नैवेद्य बंद पाडते. देवांचा राजा झ्यूस गुडघ्यावर येतो, हा खरा संप. ओव्हिडची सेरेस काय करते? सिसिलीतले नांगर मोडते, बैल आणि शेतकरी मारते. ज्यांचा गुन्हा नाही त्यांनाच. कुठे गेली कष्टकऱ्यांची देवी?

बांधावरचा

स्तोत्रातही उपाशी माणसंच मरायला टेकतात, देवांची फक्त जेवणं चुकतात. आणि ओव्हिडचंच घ्यायचं तर त्याच्या 'मेटामॉर्फोसेस' या दुसऱ्या काव्याच्या आठव्या भागातला एरिसिक्थॉन घ्या. सेरेसच्या राईतला ओक तोडतो, अडवणाऱ्या नोकराचं डोकं उडवतो. देवी त्याच्यावर भूक सोडते, पण स्वतः जाऊ शकत नाही, कारण सेरेस आणि भूक यांनी समोरासमोर यायचं नाही असा नियतीचा नियम. मग डोंगरातल्या अप्सरेला धाडते. तो घरदार खातो, लेक विकून खातो, शेवटी स्वतःचे लचके तोडतो. हा मात्र धनदांडगाच होता.

ग्रीष्मा

तीही गोष्ट कवी कॅलिमाकसची. ग्रीक. पुढचा!

खगोलवेडी

ढेकळं फोडणाऱ्या देवाची गोष्ट कुणी सांगितली, असं कुणीतरी विचारलं. आम्ही सांगितली! त्याचं नाव ऑकाटोर. सेरेस या बटुग्रहावर ९२ किमीचं ऑकाटोर विवर आहे, त्यातले पांढरे डाग २०१५ मध्ये 'डॉन' यानाने जवळून टिपले तेव्हा सगळं जग ते काय असेल यावर भांडत होतं. क्षार निघाले.

प्लूटोची पदावनती झाली म्हणून अजून गळे काढणाऱ्यांचा मला राग आहे. खगोलशास्त्रज्ञ पिआझ्झीने सिसिलीतल्या पालेर्मोहून १ जानेवारी १८०१ ला सेरेस शोधली, सिसिलीची देवी म्हणून नाव दिलं, ग्रह म्हणून मिरवली आणि पुढे लघुग्रहांच्या गर्दीत ढकलली. कुणी टिपूस गाळला? २००६ मध्ये प्लूटो आणि ती एकाच पंगतीत बसले. लेक पळवणारा आणि आई. बढती फक्त तिची.

पुराणपुरुष, तुमच्यासाठी: तिथे उर्वरा नावाचं मोठं विवर आहे, आणि आहुना नावाचा डोंगर, नागालँडच्या सुमी लोकांच्या सुगीच्या सणावरून.

पुराणपुरुष

बघा! म्हणजे संबंध आहेच.

खगोलवेडी

हवाईच्या आणि मेक्सिकोच्या देवताही आहेत तिथे. हो, सगळ्यांचाच संबंध आहे.

शिकागोकर

माझ्या ऑफिसजवळच्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या माथ्यावर सेरेस उभी आहे, १९३० ची, अ‍ॅल्युमिनियमची, शिल्पकार जॉन स्टॉर्स. एका हातात गव्हाची पेंढी, दुसऱ्यात मक्याची पिशवी. तोंडच नाही तिला. इतक्या उंचीवर चेहरा बघणार कोण, म्हणून कोरलाच नाही. खाली गव्हाचे वायदे ठरायचे, ज्यांनी आयुष्यात ओंबी हातात धरली नाही त्यांच्यात. आता आजूबाजूला उंच इमारती झाल्या, तिथून बिनचेहऱ्याची बाई अगदी समोर दिसते. तुमच्या वादात ही कुणाची?

कायदेकानू

मालकांची. पहिल्यापासून. इ.स.पू. १३३ मध्ये जमीन वाटू पाहणारा ट्रिब्यून टिबेरियुस ग्राकुस मारला गेला, तर सेरेसला शांत करायला रोमचे पुरोहित देवळं सोडून थेट एन्नाला गेले. त्याच सुमारास त्याच एन्नात गुलामांचं बंड पेटलेलं होतं, एउनुस नावाच्या गुलामाचं. गहू पिकवणारे साखळदंडात आणि पुरोहित देवीची समजूत काढतायत.

बांधावरचा

अर्धंच सांगितलंत. एउनुसने अँटिओकस नावाने राज्य थाटलं. त्या नावाचं एन्नाचं नाणं सापडलंय, त्यावर गव्हाचं कणीस आणि डिमिटरचं मस्तक. बंडखोर गुलामांनी देवी मालकांना सोडून दिली नाही. हाच तर माझा मुद्दा पहिल्यापासून.

ग्रीष्मा

कुणाचं मस्तक म्हणालात?

बांधावरचा

सिसिलीत ग्रीक बोलायचे, तिथे तेच नाव असणार. ४९३ च्या देवळाला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

ग्रीष्मा

ते इ.स.पू. ३१ मध्ये जळलं. पुन्हा बांधायला घेतलं सम्राट ऑगस्टसने आणि इ.स. १७ मध्ये लोकार्पण केलं त्याच्यानंतरचा सम्राट तिबेरियसने. दोघेही फार कष्टकरी, घामाने निथळत असायचे. बरं चला, जळेपर्यंत ती रोमन होती असं धरून चालू. तुमचा धागा आहे, इतकं देते.

नांगरट

मळणीच्या देवाचं कुणी उत्तर दिलं नाही.