सिमेंट रस्त्यावरची रोजची सायकल : सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवावा का?

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार. मी नागपुरातील त्रिमूर्तीनगरहून हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात रोज सायकलने जातो. एका बाजूचे अंतर सुमारे आठ किलोमीटर असून त्यातला बहुतेक रस्ता आता सिमेंटचा आहे. माझे वय ४६ आणि वजन ८४ किलो. सायकल हायब्रिड आहे. पुढे शॉकअप नाही, साधा फोर्क आहे आणि टायर ७०० बाय २८ चे, म्हणजे २८ मिलिमीटर रुंद, आहेत. पाठीवरच्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली व लॅपटॉप मिळून पाच-सहा किलोंचे ओझे असते.

माझी अडचण अशी की सोमवारी काही जाणवत नाही, पण गुरुवार उजाडेपर्यंत कंबर धरते आणि शुक्रवारी परतताना हिंगणा टी-पॉइंटपाशी उतरून दोन मिनिटे उभे राहावे लागते. खड्डा निदान दुरून दिसतो व चुकवता येतो. सिमेंटचे सांधे मात्र रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असल्यामुळे त्यांच्यावरून जाण्यावाचून गत्यंतर नसते. गाड्यांची गर्दी वाढली की कडेच्या गट्टूंच्या (सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) पट्टीवर उतरावे लागते आणि तिथे तर सीट एकसारखी थरथरत राहते.

एका दुकानातून जेलचे जाड कव्हर आणून पाहिले. पहिले दोन दिवस बरे वाटले, नंतर बसण्याच्या जागी मुंग्या येऊ लागल्या, म्हणून ते काढून ठेवले. आता सस्पेन्शनचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा धक्के शोषणारा दांडा, घ्यावा असे मनात आहे. बाजारात दोन प्रकार दिसतात: एक नळीत नळी सरकणारा, हजार-दीड हजारांत मिळणारा, दुसरा जोडदांड्यांवर झुलणारा, त्याच्या कितीतरी पट महाग. यांतला कोणता उपयोगी पडेल, की पैसे आधी दुसऱ्या कशावर खर्च करावेत? सायकल सोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. ती सुरू केल्यापासून माझी साखर आटोक्यात आहे.

सांधेमोजणी

नमस्कार दादा. मी स्थापत्य अभियंता आहे आणि स्वतःही सायकल चालवतो, त्यामुळे सुरुवात रस्त्यापासून करतो. सिमेंट काँक्रीट घट्ट होताना आकसते व त्याला तडे जाणारच असतात. ते वाटेल तिथे जाऊ नयेत म्हणून ठरावीक अंतरावर आडवा काप देतात आणि त्यात भराव भरतात. हे अंतर साधारण साडेचार मीटर असते. तुम्ही ताशी १८ किलोमीटर वेगाने जात असाल, तर एका सेकंदात ५ मीटर अंतर कापता, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे अधिक सांधे ओलांडता. आठांपैकी सहा किलोमीटर रस्ता सिमेंटचा धरला, तरी एका फेरीत तेराशेच्या वर सांधे होतात. शिवाय प्रत्येक सांधा दोनदा लागतो: आधी पुढचे चाक तळहातांना कळवते आणि सेकंदाच्या पाचव्या भागाने मागचे चाक कमरेला. भराव निघून गेलेला असेल, कापाच्या कडा झडल्या असतील किंवा एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा किंचित खाली बसला असेल, तर धक्का अधिक जोरात लागतो.

आता मुख्य मुद्दा. हा धक्का काही मिलिमीटर उंचीचा, पण अतिशय झटक्याचा असतो. असा धक्का शोषणे हे टायरचे काम आहे. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८०-८५ पाउंड हवा भरली की तो जवळजवळ भरीव रबरासारखा वागतो आणि दाब उतरवायचा म्हटले तर तुमच्या वजनाला चाकाची रिम सांध्याच्या कडेवर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. त्यामुळे टायरच रुंद घ्यावा लागेल. फोर्कमध्ये, मागच्या त्रिकोणात आणि मडगार्डखाली दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर जागा उरत असेल, तर ७०० बाय ३५ चे टायर बसवा. तुमचे वजन, बॅग व सायकल मिळून शंभरच्या पुढे भार होतो; त्यासाठी मागे ६० आणि पुढे ५० पाउंडांपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल व किमान आकड्यांच्या आत राहणे आवश्यक आहे. तुम्ही सीटवर बसल्यावर मागच्या टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी, म्हणजे ३५ च्या टायरसाठी पाच मिलिमीटरच्या आसपास, दबली पाहिजे. भिंतीला टेकून बसा आणि घरच्या कोणाला पट्टी धरायला सांगा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. सकाळी २५ अंशांत ८० पाउंड भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत साडेशहाऐंशीच्या घरात जाते आणि कारखान्याच्या आवारात उन्हात उभ्या असलेल्या सायकलचा टायर हवेपेक्षाही जास्त तापतो. संध्याकाळी परतताना धक्के अधिक लागतात असे तुम्हाला वाटत असेल, तर त्यात थकव्याइतकाच या वाढलेल्या दाबाचाही वाटा असू शकतो. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसरवर अंदाजाने हवा भरण्यापेक्षा काटा असलेला उभा पंप घरी ठेवणे चांगले.

महालचा मिस्त्री

वरील दादांनी टायरबद्दल लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे, त्यात माझी काहीच दुरुस्ती नाही. आमचे सायकल दुरुस्तीचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे आणि सीटपोस्टची जी तक्रार माझ्याकडे वारंवार येते, ती अशी: 'दांडा बसवला, पण काही फरक नाही.' त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

नळीत नळी सरकणाऱ्या दांड्यात आत स्प्रिंग असते आणि वरची नळी प्लास्टिकच्या बुशांतून खाली-वर होते. आपण सीटवर बसतो तेव्हा वजन दांड्याच्या सरळ रेषेत पडत नाही. दांडा मागे झुकलेला असल्यामुळे नळी बुशाच्या एका बाजूवर दाबली जाते आणि घर्षण वाढते. ते मोडून नळी हलायला लागेपर्यंत बारीक धक्का सरळ कमरेत पोचलेला असतो. म्हणून हा दांडा गतिरोधकावर, उखडलेल्या रस्त्यावर किंवा रेल्वे फाटकावर काम करतो, पण सांध्यांवर आणि गट्टूंवर गप्प राहतो. जोडदांड्यांच्या प्रकारात सीट चार कड्यांच्या चौकटीवर झुलते व धक्क्याबरोबर खाली आणि थोडी मागे जाते. त्यात घर्षण बरेच कमी असल्यामुळे तो लहान धक्क्यालाही हलतो. सीट पायडलपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहत असल्याने पायाची लयही मोडत नाही. महागपणाचे खरे कारण हेच आहे. काहींमध्ये स्प्रिंगऐवजी रबरासारखा ठोकळा असतो. तो थंडीत कडक होतो, मात्र नागपुरात ही अडचण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरतीच समजा.

स्वस्त दांडा घेतलाच, तर एक गोष्ट नीट समजून घ्या. दांडा बाहेर काढला की खालच्या तोंडाशी ॲलन कीने फिरणारा बोल्ट दिसतो. पुष्कळ जण तो आवळून 'स्प्रिंग कडक केली' असे समजतात. तो आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त तिची हालचाल उशिरा सुरू होते. तुम्ही नुसते बसल्यावर एकूण हालचालीच्या साधारण पाचव्या भागाइतकी सीट खाली बसली पाहिजे; ४० मिलिमीटरचा दांडा असेल तर सात-आठ मिलिमीटर. अजिबात बसत नसेल तर बोल्ट सैल करा, पण तो नळीच्या तोंडाबाहेर येता कामा नये. ८४ किलो वजनाला दांड्याबरोबर आलेली स्प्रिंग बहुतेक वेळा मऊ पडते व दांडा तळाला आपटतो. तेव्हा स्प्रिंगच बदलावी लागते. आपल्या धुळीत वर्षातून एकदा दांडा खोलून, पुसून, नवे ग्रीस लावणेही गरजेचे आहे. बुश झिजले की सीट डावी-उजवीकडे वळू लागते आणि मग गुडघे दुखू लागतात.

विकत घेण्यापूर्वी दोन मापे घ्या. पहिले जाडीचे: तुमचा सध्याचा दांडा काढा, त्याच्या खालच्या भागावर २७.२, ३०.९, ३१.६ असा आकडा कोरलेला असतो. नसेल तर व्हर्नियरने मोजा. यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही. जाड नळीत बारीक दांडा योग्य मापाच्या शिमने (मध्ये घालायच्या पातळ नळीने) बसवता येतो, उलट मात्र शक्य नाही. दुसरे माप उंचीचे आहे आणि तेच लोक विसरतात. फ्रेमच्या क्लॅम्पपासून (दांडा आवळणाऱ्या पकडीपासून) सीटच्या खालच्या तारांपर्यंत किती जागा आहे ते पाहा. सस्पेन्शनची यंत्रणा मॉडेलप्रमाणे आठ-दहा सेंटिमीटर जागा खाते; तेवढी जागा नसेल तर सीट उंच होऊन पाय पुरणार नाहीत. दांड्यावरील किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे, यात तडजोड नाही. ती बाहेर ठेवल्यामुळे फ्रेमला वरून चीर गेलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत.

जेलच्या कव्हरबद्दल तुम्ही लिहिले ते अगदी स्वाभाविक आहे. बसताना भार बुडाच्या दोन हाडांवर पडायला हवा. फार मऊ गादीत ती हाडे रुततात व मधला नाजूक भाग दाबला जातो, त्यातून मुंग्या येतात.

मनीषनगर ते सदर

मला उंचीच्या मापाबद्दल थोडे लिहायचे आहे. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी शाळेत शिकवते. माझ्या सायकलला क्लॅम्पच्या वर जेमतेम सहा सेंटिमीटर दांडा दिसतो. वरील मिस्त्रीदादांसारखे सांगणारे तेव्हा कोणी भेटले असते, तर मागवलेला जोडदांड्यांचा सीटपोस्ट परत पाठवण्याची वेळ आली नसती. शेवटी मी मागे दोन स्प्रिंगा असलेली रुंद सीट घेतली, जशी आमच्या वडिलांच्या काळ्या चोवीस इंची सायकलला होती. त्या सायकलींना स्प्रिंगची सीट का असे, हे मला तेव्हा उमगले: हँडल उंच, पाठ ताठ, म्हणजे जवळजवळ सगळा भार सीटवरच. माझी सायकलही तशीच ताठ बसण्याची असल्यामुळे ती सीट मला मानवली. पुढे वाकून चालवणाऱ्यांना मात्र इतकी रुंद सीट मांडीला घासते. मागे लहान मुलाची खुर्ची लावणाऱ्यांनी अशी उघड्या स्प्रिंगांची सीट झाकून घ्यावी; मुलांची बोटे त्यात सापडतात.

त्रिमूर्तीनगरकर दादा, एक विचारते. बॅग पाठीवरच का? मी वह्यांचे गठ्ठे कॅरियरवर बांधायला लागले आणि माझ्या कमरेला सगळ्यांत जास्त फरक त्याच आठवड्यात पडला. आणि पायात बधिरपणा उतरत असेल तर सायकलमध्ये बदल करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

त्रिमूर्तीनगरकर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. बधिरपणा नाही, डॉक्टरांना दाखवून खात्री केली. ताईंचे ऐकून बॅग त्याच दिवशी कॅरियरवर बांधली, लॅपटॉपखाली जुन्या चादरीची चौपदरी घडी ठेवली. टायर ३५ चे घेतले. मागचे मडगार्ड थोडे घासत होते; ते वॉशर टाकून उचलून घेतले. सुरुवात ६० आणि ५० वर केली, आता ५५ आणि ४५ वर स्थिरावलो आहे. मुलीने पट्टी धरून मोजले तेव्हा मागचा टायर पाच मिलिमीटर दबत होता.

फरक आधी कानाला कळला. पूर्वी प्रत्येक सांध्यावर 'टक्-टक्' असा कोरडा आवाज यायचा, कॅरियरची क्लिप खणखणायची. आता हलका 'धप्' असा आवाज येतो आणि क्लिप शांत असते. गेल्या गुरुवारी टी-पॉइंटला न उतरता सरळ घरी आलो. पण गट्टूंच्या पट्टीवर जिथे दोन-तीन गट्टू खचले आहेत तिथे, आणि कारखान्याच्या फाटकापाशी लागोपाठ असलेल्या तीन उंच गतिरोधकांवर धक्का अजूनही कमरेपर्यंत जातो. फाटकापाशी मी पायडल समांतर ठेवून सीटवरून उठतो, मात्र पाळी सुटण्याच्या गर्दीत ते दर वेळी जमत नाही. माझा दांडा २७.२ चा निघाला आणि क्लॅम्पच्या वर साडेबारा सेंटिमीटर जागा आहे. दिवाळीच्या बोनसमधून जोडदांड्यांचाच घ्यावा असे ठरवले आहे. विक्रेता दोन स्प्रिंगा दाखवतो आणि ८४ किलो दोघींच्या सीमेवर येते. कोणती घ्यावी?

महालचा मिस्त्री

तुमचे हँडल सीटच्या बरोबरीला किंवा खाली असेल, तर भाराचा काही भाग हातांवर जातो. अशा वेळी मऊ स्प्रिंग घ्या. हँडल सीटपेक्षा चांगले उंच असेल तर कडक. बॅग आता कॅरियरवर आहे, त्यामुळे तिचे वजन हिशेबात धरू नका. नवा दांडा बसवल्यावर तुम्ही बसाल तेव्हा सीट थोडी खाली जाईल, म्हणून पूर्वीच्या उंचीपेक्षा तेवढेच, साधारण आठ-दहा मिलिमीटर, वर बांधा. अन्यथा आठवडाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखेल आणि दोष दांड्याला जाईल. सीट सपाट आहे की नाही, हे तुम्ही बसलेले असताना दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा, कारण या प्रकारात भार आल्यावर तिचे टोक किंचित वर-खाली होऊ शकते. मागचा लाल दिवा व कुलपाची पट्टी हलणाऱ्या भागावर न लावता खालच्या स्थिर नळीवर लावा. पहिल्या आठवड्यानंतर कड्यांचे बोल्ट एकदा तपासून घ्या. महालात येणे झाले तर मी तपासून देईन.

त्रिमूर्तीनगरकर

हँडल सीटपेक्षा दोन बोटे खाली आहे, तेव्हा मऊ स्प्रिंगच घेतो. बोल्ट तपासायला रविवारी सकाळी सायकलनेच येईन.